तक्रार न करणारा भाडेकरू

“ती जाळी झाकू नका ताई, आत गॅसचा गीझर आहे,” असं प्लंबरने सांगितलं तेव्हा तिने “हो, बघते” म्हटलं. नाही म्हणायचं असतं पण तोंडावर म्हणवत नाही, तेव्हा आपण जे ‘बघते’ म्हणतो, त्यातलंच ते होतं. कडेवर सहा महिन्यांची मुलगी, दुसऱ्या हातात मोजपट्टी, आणि प्लंबर सकाळपासून सल्ले देत सुटलेला. आधी म्हणाला, पाइप बदला. मग म्हणाला, नळ माझ्या मेव्हण्याच्या दुकानातून घ्या, स्वस्तात पडतील. मेव्हणा आला तिथे तिने कान मिटून घेतले. जाळीचं वाक्य नेमकं मेव्हण्यानंतर आलं.

जाळी तळमजल्याच्या बाथरूमच्या भिंतीत होती, छताजवळ, वीतभर लांब आणि तेवढीच रुंद. बाहेरच्या बाजूने ती जिन्याखाली उघडायची. आणि जिन्याखालच्या त्या रिकाम्या जागेवर हिचा पहिल्या दिवसापासून डोळा होता.

दोन मजल्यांचं जुनं घर तिने आणि नवऱ्याने कर्ज काढून घेतलं होतं. बेत साधा होता. वर आपण राहायचं, खालचा मजला वेगळा करून भाड्याने द्यायचा. वेगळं दार, वेगळं मीटर, वेगळं स्वयंपाकघर. कर्जाचा अर्ध्याहून जास्त हप्ता खालच्या भाड्यातून जाणार होता. म्हणजे खाली चांगला माणूस आला आणि टिकला, तर घर राहणार. नाहीतर वर्षभरात पुन्हा विकायला काढावं लागणार. हे तिला इतकं स्पष्ट ठाऊक होतं की बाळाला झोपवतानासुद्धा तिच्या डोक्यात तळमजलाच फिरायचा.

या धंद्यातले तिचे गुरू म्हणजे नवऱ्याचे मामा. मामांनी आयुष्यात तीन पडकी घरं घेतली, दुरुस्त केली, भाड्याने दिली, आणि नोकरी सोडून निवांत बसले. घर बघायला ते तिला तीनदा घेऊन गेले होते. एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी सगळ्या गल्लीत पाणी भरायची वेळ असते तेव्हा, आणि एकदा सुट्टीच्या दिवशी, शेजारी घरात असताना. “दुपारी सगळीच घरं शहाणी दिसतात,” ते म्हणाले होते. “रंगात पैसे घालू नकोस, टाकीत घाल. रंग बघून भाडेकरू येतो, पाणी बघून राहतो. भाडं थोडं कमी घे, पण तक्रार न करणारा माणूस शोध. तक्रारखोर भाडेकरू तुझं रक्त आटवेल.”

हे शेवटचं वाक्य तिने मनात अगदी अधोरेखित करून ठेवलं.

काम संपत आलं तेव्हा मामा पाहणीला आले. नवऱ्याने बाथरूमला प्लास्टिकचा पातळ दरवाजा बसवला होता. मामांनी त्यावर टिचकी मारली.

“हा दरवाजा आहे की खोक्याचं झाकण? तुझ्या मुलीने लाथ मारली तरी आत पडेल.”

“मामा, बाथरूममध्ये कोण तिजोरी ठेवणार आहे?” नवरा म्हणाला.

जिन्याखाली सुताराने बाबागाडीसाठी छान कपाट करून दिलं. पण आत कुणी आंघोळ केली की जाळीतून येणारी वाफ थेट गाडीवर येणार होती. वाफेने गादीला बुरशी लागणार, बुरशीने बाळाला खोकला, खोकल्याने ताप. तिची काळजी अशी एकेक पायरी उतरत दवाखान्याच्या दारापर्यंत जायची. तिने सुताराला सांगितलं, मागच्या बाजूने जाळीवर प्लायवूड ठोकून टाका. त्याने चार खिळ्यांत ठोकलं. तिला बरं वाटलं.

मग मास्तर आले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगी दुसऱ्या गावी. सामान म्हणजे दोन बॅगा आणि रंग सांडून सांडून मूळचा रंग हरवलेलं एक टेबल. इतर लोक कपाटं मोजत होते, पार्किंग विचारत होते. मास्तरांनी फक्त उजेड कुठून येतो ते विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी राहायला आले.

मामा शोधायला सांगत होते तो माणूस हाच. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, मास्तरांनी चिंधी बांधली. खिडकीची कडी निघाली, मास्तरांनी तारेने आवळली. ती जिन्यातून जाता-येता विचारायची, “मास्तर, काही अडचण?”

“छे हो. राजवाडा आहे.”

“नळ गळतोय म्हणे?”

“गळत होता. आता फक्त आठवण काढतो अधूनमधून.”

“सोनं मिळालंय तुला,” मामा म्हणाले. “जप.”

ती जपत होती. थंडी पडली तसे मास्तर खिडक्या लावून घ्यायला लागले, आणि सकाळी पायरीवर डोकं धरून बसलेले दिसायला लागले. चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणाले. मधे आठ दिवस मुलीकडे जाऊन आले तेव्हा चेहरा टवटवीत होता. चार दिवसांत पुन्हा तोच पिवळा रंग. आपल्या मुलीच्या शिंका मोजणाऱ्या बाईच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं, आणि सुटलंही नाही. फक्त तिने त्याचा अर्थ भलताच लावला.

“त्यांना एकटेपणा खातोय,” ती नवऱ्याला म्हणाली. “बघ, ते मुलीकडे जाणार कायमचे. मग हप्त्याचं काय?”

हे बोलताना आपल्याला मास्तरांची जास्त काळजी वाटतेय की हप्त्याची, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

त्या आठवड्यात एका सकाळी नवरा कामावर गेला आणि ती बाळाला फिरवायला खाली उतरली. कपाटातून गाडी ओढली तर मागचं प्लायवूड फुगून आलेलं. हात लावला, तर ऊन आणि ओलं. आत पाणी पडत होतं. मास्तरांची आंघोळ तिला आवाजाने पाठ होती. बाळाचे मोजे चढवून पट्टा लावेपर्यंत नळ बंद व्हायचा. आज मोजे झाले, पट्टा झाला, टोपी झाली, आणि पाणी पडतच होतं. बादली भरून वाहून गेल्यावर येतो तसला सपाट आवाज.

“मास्तर?”

उत्तर नाही.

“मास्तर, पाणी चालू राहिलंय.”

तिची नजर पुन्हा त्या फुगलेल्या फळीवर गेली आणि एकाएकी प्लंबरचा आवाज शब्दन् शब्द कानात वाजला. गाडी तिने फाटकाजवळ मोकळ्यावर नेली, चाकाला ब्रेक लावला, आणि मागच्या बाजूला धावली. सिलिंडर बाहेर ओट्यावर होता, तो आधी बंद केला. मग दुसरी किल्ली आणली. करारात तिनेच लिहिलं होतं, परवानगीशिवाय किल्ली वापरणार नाही. दार उघडलं, हाताला लागतील त्या खिडक्या उघडल्या. बाथरूमला आतून कडी. तिने खांदा लावला, काही नाही. मग दोन पावलं मागे सरून, जन्मात कुणाला मारली नव्हती अशी लाथ मारली, आणि तो पातळ दरवाजा मधोमध दुमडून आत गेला.

मास्तर पंचा गुंडाळलेले, भिंतीला टेकून खाली बसले होते. डोळे अर्धवट. तिने श्वास रोखला, काखेत हात घालून ओल्या फरशीवरून त्यांना ओढत बाहेर आणलं, खोली ओलांडून थेट दारापर्यंत, पायरीच्या वाऱ्यात. अंगावर पलंगावरची चादर टाकली. फाटकाजवळ मुलगी टाहो फोडत होती. रडतेय म्हणजे बरी आहे, तिने मनाशी म्हटलं, आणि रुग्णवाहिकेला फोन लावला.

मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा ती त्यांच्या तळपायांना हात घासत होती.

“दरवाजा मोडलात का?” त्यांनी विचारलं. आवाज खोल गेलेला.

“मोडला.”

“डिपॉझिटमधून कापू नका म्हणजे झालं.”

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

दवाखान्यात दोन दिवस ऑक्सिजन दिला. डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या जागी गीझर जळला की असा वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग माणूस बसल्या जागी झोपतो. अजून थोडा वेळ गेला असता तर...

त्या पहिल्याच संध्याकाळी प्लंबर आला. तो काय ऐकवेल म्हणून ती आधीच मान खाली घालून उभी होती. त्याने प्लायवूड उचकटलं, जाळीतली जळमटं बोटाने काढली, गीझर भिंतीवरून उतरवला आणि बाहेरच्या भिंतीवर, उघड्यावर बसवला. निघताना म्हणाला, “बाथरूमचा नळ मात्र तुम्ही चांगला घेतलात. मेव्हण्याकडचा असता तर एवढं पाणी सोसलं नसतं त्याने.”

मास्तर परत आले ते मुलीला घेऊन. मुलगी सामान बांधायलाच आली होती. मास्तरांच्या मुलीने तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, “ती जाळी मी बंद केली होती. गाडीला वाफ लागते म्हणून. मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

नवरा बघतच राहिला. मुलीचा चेहरा लाल झाला. “आणि हे तुम्ही असं सांगता?”

“कसं सांगू? दुसरं कसं सांगता येतं मला माहीत नाही. राहिलेलं भाडं, डिपॉझिट, सगळं परत देते. दवाखान्याचंही.”

आत जाऊन तिने पाकीट आणलं. मास्तरांनी ते उघडलंसुद्धा नाही. रंगांच्या टेबलावरून तिच्याकडे परत सरकवलं.

“माझं डोकं थंडी पडल्यापासून दुखत होतं,” ते म्हणाले. “या रोज विचारत होत्या, अडचण आहे का. मी म्हणत होतो, राजवाडा. झाकली यांनी, पण लपवलं मी. शाळेत मुलांना सांगायचो, रंग चुकला तर लगेच हात वर करा, वाळल्यावर काही करता येत नाही.”

“बाबा, सामान.”

“राहू दे. पण करार नवा करायचा.”

नवा करार त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिला. पहिलं कलम : भाडेकरूने दर महिन्याला किमान एक तक्रार करणे बंधनकारक आहे. दुसरं : मालकाने ती तक्रार स्वतः खाली येऊन पाहायची, जिन्यातून विचारायची नाही. तिने दोन्ही कलमं मोठ्याने वाचली आणि सही केली.

पहिल्या महिन्याची तक्रार अगदी कच्ची होती. तुमची मुलगी पहाटे वाटी आपटते, बस. दुसऱ्या महिन्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल. ती वेळीच दिसली म्हणून नळीतली एक चीर निघाली, नाहीतर वर्षभरात अख्खी भिंत पाडावी लागली असती. तिसऱ्या महिन्यात चार तक्रारी आल्या, क्रमांक घालून, शेजारी छोटी चित्रं काढून.

“बिघडवलंस तू त्याला,” मामा म्हणाले.

“मामा, तुमच्या तिसऱ्या घरातल्या आजी. नऊ वर्षांत एकदाही तक्रार नाही, असं तुम्ही कौतुकाने सांगता.”

“हं.”

“शेवटचं आत कधी गेला होतात?”

मामांनी चहा अर्धा ठेवला, चपला घातल्या आणि निघाले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. आजी ठणठणीत होत्या. फक्त विजेच्या एका खटक्याला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून त्या दोन वर्षं लाकडी चमच्याने दिवा लावत होत्या. हे सांगता सांगता मामा म्हणाले, वायरमन आलाय, बोलतो नंतर.

तिचा नवरा आता दुसरं एक लहान घर बघतोय, मागच्या गल्लीतलं. तीही बघते, आणि अजूनही घाबरते, पण त्या घाबरण्याला आता ती जिना उतरायला लावते.

तुमच्याही माहितीत असं एखादं माणूस असेल. खालच्या मजल्यावर, शेजारच्या दारात, दूरच्या गावी एकट्या खोलीत. भाडं वेळेवर देणारं, कधीच काही न मागणारं. हे वाचून झालं की आजच त्यांच्याकडे जा. ‘सगळं ठीक ना’ एवढंच विचारून परत फिरू नका, त्याला उत्तर ‘हो’च येतं. जरा आत येऊ का, म्हणा, आणि आत जाऊन बघा.