सीलबंद पाला

सुपरमार्केटात महामाया ज्या मांडणीसमोर उभी होती, तिथे खामगावातलं सहसा कोणी थांबत नसे. डाळी, साखर, तेलाचे डबे इथपर्यंत गर्दी. त्यापुढे पास्ता, सॉस आणि काचेच्या बारक्या बाटल्यांत भरलेली हिरवी पानं. बेसिल, पार्सली, पुदिना. प्रत्येक बाटलीवर ठळक अक्षरांत 'फ्रीझ-ड्राइड'. तिने एक उचलली. हाताला वजन असं काही लागलंच नाही. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र होतं तिचं, त्यामुळे हे काय असतं ते तिला ठाऊक होतं. पान आधी गोठवतात, मग हवा काढून घेतलेल्या पेटीत त्यातला बर्फ पाणी न होताच उडून जातो. रंग तसाच राहतो, आकारही राहतो.

बाटली उलटी करून तिने तारीख वाचली, कारखान्याचा पत्ता वाचला. मग झाकणाभोवतीच्या प्लास्टिकच्या पट्टीवरून नख फिरवलं. पट्टी घट्ट होती. आत काय आहे याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. तिला हवी होती ही पट्टी.

रविवारी तिची लेक संबोधी पाच वर्षांची होणार होती. गेल्या वर्षीचा वाढदिवस महामायाच्या डोळ्यांपुढून अजून हलत नव्हता. कॉलनीतली पोरं आली होती, त्यांच्या आयाही आल्या होत्या. महामायाने सांबारवड्या केल्या होत्या, आपल्याकडे करतात तशा, हिरव्यागार सांबाराने, म्हणजे कोथिंबिरीने, ठासून भरलेल्या. बेकरीतला केक संपला. वेफर्स संपले. वड्या तशाच राहिल्या. एकीचा उपवास निघाला. एकीला डॉक्टरने तळलेलं बंद केलं होतं, ती वेफर्स खात खात सांगत होती. समोरच्या फ्लॅटमधल्या कोकिळाने मात्र दोन वड्या फुग्यांचं चित्र असलेल्या कागदी रुमालात बांधून घेतल्या. "घरी निवांत खाते गं," म्हणाली. महामायाला तेवढ्यानेही भरून आलं होतं. दुसऱ्या दिवशी ती दूध आणायला खाली उतरली तर फाटकाजवळची गाय त्या फुग्यांच्या रुमालासकट वड्या चघळत होती.

हे सगळं गिळून टाकता आलं असतं. या फ्लॅटसाठी आडनाव सांगितल्यावर घरमालक क्षणभर थांबला होता, तेही तिने गिळलं होतं. पण त्या संध्याकाळी संबोधीने विचारलं होतं, "आई, माझ्या वाढदिवसाची वडी कोणीच काऊन नाही खाल्ली?" तेव्हा तिला सांगितलं, तिखट झाली होती. यंदा पोरगी मोठी झाली. यंदा तिला तिखट म्हणून भागणार नव्हतं. यंदा तिच्या ताटातलं सगळ्यांनी खाल्लं पाहिजे. एवढंच. बाकी महामायाला कोणाकडून काही नको होतं.

"अय्या, महामाया! परदेशी स्वयंपाक चाललाय वाटतं?"

मागे कोकिळाच होती, ट्रॉलीत साबणाचा मोठा पुडा घेऊन.

"रविवारी संबोधीचा वाढदिवस आहे ना. पिझ्झे करीन म्हणते, छोटे छोटे."

"हो का? मग आमच्या गणेशला उपाशीच पाठवते! तुटून पडतो तो पिझ्झ्यावर." कोकिळाने तिच्या हातातली बाटली घेतली, उजेडात धरली. "हे बरं असतं हं. सगळं मशीनमधूनच येतं. कोणाचा हात नाही, काही नाही."

महामायाने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. कोकिळा साबणाबद्दल बोलावं तितक्याच सहज बोलली होती, आणि तेच जास्त लागलं.

त्या दिवशी महामायाने बेसिलची बाटली घेतली, पुदिन्याची घेतली. पाकीटबंद पिझ्झ्याचे बेस घेतले, सॉसच्या बाटल्या, चीजच्या पिशव्या. शेवटी पैसे द्यायच्या रांगेतून परत मागे गेली आणि पातळ प्लास्टिकच्या हातमोज्यांचं पाकीटही घेऊन आली.

तिचा नवरा प्रेमानंद वीज कंपनीच्या कार्यालयातून घरी आला तेव्हा हातमोजे ओट्यावरच होते.

"हे काय वं? दवाखाना उघडून राह्यली का?"

"वाढदिवसासाठी आहेत. सगळं त्यांच्यासमोर उघडायचं, त्यांच्यासमोरच लावायचं. हात न लावता."

प्रेमानंदाने पाकीट उचललं, परत ठेवलं. "मग बोलावतं काऊन त्यांले? त्यापेक्षा बीबी गावाहून माह्या दोघी बहिणी येतील पोरं घेऊन. घरभर धिंगाणा होईल. वड्या पुरणार नाहीत."

"संबोधी त्यांच्यात खेळते. शाळेच्या गाडीत त्यांच्यातच बसते."

"हे तू पोरीसाठी करून राह्यली का त्यांच्यासाठी?"

महामाया फ्रिज उघडून चीज कुठे ठेवावं ते उगाच बघत राहिली.

रविवारी सकाळी अमडापूरहून तिची आई, कलाबाई, एसटीने आली. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यातून ओल्या फडक्यात गुंडाळलेला सांबार बाहेर काढला. घर त्या वासाने भरून गेलं. संबोधी धावत आली आणि तिने जुडीत तोंडच खुपसलं.

"कोवळा हाये. पहाटीच खुडला," कलाबाई म्हणाली. "बेसन हाये ना वं? वड्या करीन. गेल्या बारीले मी नोयती."

"आई, यंदा वड्या नकोत. पिझ्झे आहेत."

"ते पोरायले. बाया काय खातीन?"

"त्याही तेच खातील."

कलाबाईची नजर ओट्यावर गेली. तिने बेसिलची बाटली उचलून कानाशी हलवली. आत बारीक खसखस झाली. "हा कोनता पाला बाटलीत घातला? वाळला तरी हिरवाच! याले वास तरी हाये का?" आणि तिने झाकण पिळायला घेतलं.

"उघडू नको!"

एवढ्या मोठ्याने ओरडायचं नव्हतं महामायाला. संबोधी दचकून आजीला चिकटली.

"उघडू नको आई. ते संध्याकाळी, सगळ्यांसमोर उघडायचंय. सील."

कलाबाईने बाटली जागच्या जागी ठेवली. तिला शेजारचे हातमोजे दिसले. मग लेकीचा चेहरा दिसला. कलाबाईने आयुष्यात पुष्कळ गोष्टी कोणी समजावून न सांगताच समजून घेतल्या होत्या. ती एवढंच म्हणाली, "बरं." थोड्या वेळाने म्हणाली, "मंग वड्या घरच्यापुरत्या करीन. सांबार सुकून जाईन न."

दुपारभर ती आत वड्या वळत बसली आणि संबोधी तिच्या मांडीला टेकून बेसनाच्या गोळ्या करत बसली. महामाया बाहेर हॉलमध्ये टेबल मांडत होती. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्यापाशी येऊन हातातला फुग्यांचा दोरा घेऊन ती थांबली. तसबिरीच्या खिळ्याला दोरा बांधला तर फुगे बरोबर समोर येतात, तसबीर अर्धी झाकते. तिने दोरा बांधला, मग सोडला आणि पडद्याच्या दांडीला नेऊन बांधला. इतकं तरी नको, असं तिचं तिलाच वाटलं.

संध्याकाळी सगळे आले. महामायाने केक कापून होऊ दिला आणि मग हातमोजे चढवून टेबलामागे उभी राहिली. बेसचं पाकीट कात्रीने फाडलं. सॉसच्या झाकणाखालची चंदेरी चकती ओढून काढली. चीजची पिशवी फाडली. बाटलीची पट्टी मात्र हातमोज्यांमुळे निघेना. गणेश ओरडला, "मावशी, मी तोडू?" आणि त्याने नखाने ती कर्रकन सोलून काढली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. महामाया बेसवर पाला भुरभुरवत होती आणि पापणीआडून बायांकडे बघत होती. बायका बघत होत्या. एकेक सील तुटताना त्यांच्या अंगातलं काहीतरी सैल होत होतं, असं तिला दिसलं. किंवा तिला तसं दिसायला हवं होतं.

भाजून निघालेला पहिला पिझ्झा गणेशने खाल्ला. मग सगळ्यांनी. उपवासवालीने खाल्ला. तळलेलं बंद असलेलीने दोन खाल्ले.

"किती स्वच्छ पद्धत आहे गं तुझी," कोकिळा म्हणाली. "आणि हा पाला काय छान लागतो! ताजाच वाटतो."

"हो ना," महामाया म्हणाली. तिच्या जिभेवर त्या पाल्याला कागदासारखी चव होती. पण संबोधी टेबलाभोवती नाचत होती, एकाचं ताट दुसऱ्याला दाखवत होती, "संपलं! ह्याचंपण संपलं!" महामायाला खूप दिवसांनी पोटभर श्वास घेता आला. प्रेमानंद कोपऱ्यात उभा होता. त्याच्याकडे तिने 'बघ' अशा नजरेने पाहिलं. तो हसला, अर्धाच.

तेवढ्यात संबोधी आत पळाली आणि दोन्ही हातांत ताट धरून बाहेर आली. ताटात सांबारवड्या होत्या, अजून गरम.

"आता हे खा! माझ्या आजीनं केल्या! मीपण केल्या!"

हॉलमधला आवाज एकदम कमी झाला. खरंच झाला, की महामायाच्या कानांनाच तसं ऐकू आलं, ते पुढे कितीही आठवून तिला ठरवता आलं नाही. संबोधी सरळ कोकिळासमोर जाऊन उभी राहिली, ताट वर उचलून. महामायाला गेल्या वर्षीचा रुमाल दिसला. गाय दिसली. पाच पावलांत ती तिथे पोचली आणि तिने लेकीच्या हातातून ताट काढून घेतलं.

"ते नको, बाळा. ते पाहुण्यांसाठी नाहीये. तिखट आहे ते. घरातलं आहे."

त्याच वेळी तिला कोकिळाचा हात दिसला. मांडीवरून उचललेला, ताटाच्या दिशेने थोडा पुढे आलेला. ताट दूर झाल्यावर तो हात तसाच क्षणभर राहिला. मग कोकिळाने त्याच हाताने पदर सारखा केला.

घ्यायला आला होता का तो हात? की पदरासाठीच उचलला होता? महामायाने तिच्या डोळ्यांत पाहिलं. कोकिळा हसली आणि म्हणाली, "राहू दे गं, पोट भरलंय." ती खरं बोलली की अपमान झाकला, की सुटली म्हणून बरं वाटलं तिला, काही कळलं नाही. आता कधी कळायचंही नव्हतं. निदान गेल्या वर्षी नकार तरी त्यांचा होता.

स्वयंपाकघराच्या दारात कलाबाई उभी होती. तिने पुढे होऊन लेकीच्या हातातलं ताट घेतलं.

"तिखट झाल्याच व्हत्या जराशा," ती हॉलकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि ताट घेऊन आत गेली.

संबोधी रडली नाही. तेच महामायाला नको होतं. पोरगी आईकडे बघत उभी राहिली, शाळेत बाई फळ्यावर काहीतरी नवीन लिहितात तेव्हा बघते तशी.

सगळे गेल्यावर प्रेमानंदाने वड्यांवरचं झाकण काढलं आणि ओट्याशी उभ्यानेच खायला लागला. एकामागून एक खात राहिला. "तिखट नाई झाल्या बाई," सासूला म्हणाला. बायकोकडे त्याने पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलाबाई अमडापूरला परत निघणार होती. पण निघायच्या आधी तिने नातीचा शाळेचा डबा भरला. पोळीत वडी कुस्करून केलेली गुंडाळी, जशी महामाया लहान असताना तिला द्यायची. संबोधी गणवेश घालून, बुटाचे बंद लोंबत, डब्यापाशी आली. झाकण उघडून तिने आत पाहिलं. मग मान वर करून आईला विचारलं,

"आई, हे कुठून आणलं सांगू?"

"म्हणजे?" महामायाच्या हातात तिची पाण्याची बाटली होती.

"गाडीत विचारतात ना. गणेशला देताना काय सांगू? आजीनं केलं सांगितलं तर..." ती थांबली. पुढचं वाक्य तिला माहीत होतं, फक्त शब्द सापडत नव्हते.

महामायाने तोंड उघडलं. आजीनं केलं असंच सांग, असं म्हणायचं होतं तिला. मान ताठ ठेवून सांग, असंही. कॉलेजात असताना स्पर्धेच्या व्यासपीठावरून ती यावर न अडखळता बोलली होती, टाळ्या घेतल्या होत्या. आता ती पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत राहिली.

खाली शाळेच्या गाडीने हॉर्न दिला.

कलाबाई वाकली. नातीच्या बुटाचे बंद बांधले. डब्याचं झाकण दाबून बसवलं, डबा दप्तरात घातला.

"सांग माय," ती म्हणाली, "दुकानातून आणलं."