तोमासाच्या उजव्या हाताची जागा

आमच्या गावात लग्न एकट्या आईबापांवर पडत नाही. खर्चाचा एकेक वाटा उचलणारा मानकरी म्हणजे पाद्रिनो: केकचा एक, बँडचा दुसरा, अंगठ्यांचा तिसरा. ज्याने जे अंगावर घेतलं, त्याची निवडही त्याचीच आणि मिरवणंही त्याचंच. माझी भाची रोसाउरा हिच्या लग्नात फोटोंचा मान मागून घेतला डॉन एवारिस्तोने. खतं-बियाणं विकणारा माणूस, ‘डॉन’ हे नुसतं मानाने म्हणायचं, पण चालतो असा की पाऊसही त्याच्याच दुकानातून पडतो. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

खरं तर फोटोग्राफर गावातच होता. नाबोर. चाळीस वर्षं एकाच पडद्यासमोर लोकांना सरळ उभं करतो. डोळे मिटले असतील तर ब्रशने उघडतो. आणि त्याला ‘जागा’ कळते. आमचे निम्मे पुरुष उत्तरेला, सीमेपलीकडे. कागदपत्रं नाहीत, एकदा आले की परत जाता येत नाही. म्हणून घरच्या फोटोत त्यांच्यापुरती जागा मोकळी सोडायची. नाबोर मागाहून जुन्या फोटोतला माणूस तिथे बसवतो. माझी बहीण तोमासा हिचा नवरा फिलेमोन नऊ वर्षं तिकडे स्ट्रॉबेरी तोडतोय. मुलीच्या लग्नाच्या फोटोत तो आपल्या शेजारी हवा, एवढंच तिचं मागणं होतं.

डॉन एवारिस्तोने नाक मुरडलं. “नाबोर? तो ओळखपत्राचे फोटो काढतो! माझ्या नावाला शोभेल असा माणूस आणलाय.”

माणूस पुएब्ला शहरातला, लिओनेल. मे महिन्याच्या उकाड्यात गळ्यात मफलर. त्याने तोमासाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपला अल्बम उघडला. नवरीचे बूट. नवरीची पाठ. खुर्चीवर पडलेला एक हातमोजा.

“यात माणसं कुठायत?” तोमासाने विचारलं.

“भावना बघा, सेन्योरा. चेहरे काय, कुणीही काढतं.”

“बरं बाबा. पण घरच्यांच्या फोटोत माझ्या उजव्या हाताला एक जागा मोकळी ठेव. विसरू नकोस.”

लिओनेलने मान डोलावली. सूपमध्ये कोथिंबीर घालू का विचारलं असतं, तरी त्याने तशीच डोलावली असती.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर आम्ही उभे राहिलो. तोमासाने उजवीकडे बरोबर एका माणसाएवढी जागा सोडली. ती त्या बाजूला जराशी कललीही होती, कुणाच्या तरी खांद्याला टेकावं तशी.

“ते भोक भरा!” लिओनेल ओरडला. “सगळी रचना बिघडतेय!”

डॉन एवारिस्तो जणू याचीच वाट बघत होता. पोट, सूट आणि सोन्याचं घड्याळ घेऊन तो जागेत शिरला आणि घड्याळाचा हात त्याने तोमासाच्या खांद्यावर ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं. अख्खा गाव समोर, वर पाद्रिनोचा मान. मी गप्प बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

अल्बम आला. बेचाळीस फोटो. एकतीस फोटोंत डॉन एवारिस्तो, बाकीच्यांत बूट. त्यातही एक जोड त्याचाच.

तोमासा तो पायऱ्यांवरचा फोटो घेऊन नाबोरकडे गेली. मी सोबत होते. नाबोरने भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

“अख्खा पुसला तर तुझा खांदाही जाईल, बाई. हात तिथेच आहे ना त्याचा. डोकं तेवढं बदलतो. धड राहू दे.”

“राहू दे,” तोमासा म्हणाली आणि नवऱ्याचा नऊ वर्षांपूर्वीचा फोटो टेबलावर ठेवला.

काम झकास झालं. एक प्रत उत्तरेला गेली. रविवारी फिलेमोनचा फोन आला. आधी त्याने सगळ्यांची विचारपूस केली. मग म्हणाला, “सूट चांगलाय गं. घड्याळ कुणाचं?”

“तुझंच,” तोमासा म्हणाली. “पोरीच्या लग्नात घातलं होतंस.”

तिकडे तो रडत होता. इकडे मीही.

महिन्याने डॉन एवारिस्तो जेवायला आला. अल्बमचं कौतुक ऐकायचं होतं त्याला. भिंतीकडे लक्ष गेलं आणि त्याचा घास हातातच राहिला. आपलंच पोट, आपलाच सूट, आपलंच घड्याळ, आणि वर फिलेमोनचं डोकं.

“हे... हा तर मी...”

“जेवा ना, कोंपाद्रे,” तोमासाने त्याच्या ताटात आणखी मोलेचा झणझणीत रस्सा वाढला. “फोटोंचे पाद्रिनो म्हणजे तुमच्यासारखे. लोक नुसता फोटोग्राफर देतात. तुम्ही तर अंगसुद्धा दिलंत.”

त्याने बाही ओढून घड्याळ झाकलं.