बावीस मिनिटं

घाटकोपरच्या पंतनगरातल्या त्या गच्चीवर एकोणीस वर्षं एकच पद्धत होती. भीमराजने बघायचं आणि त्याच्या बायकोने, शकूने, लिहायचं. दुर्बिणीतून बघणाऱ्याने एकदा उजेडाकडे पाहिलं की डोळे पुन्हा अंधाराला सरावायला अर्धा तास जातो. म्हणून तो नुसता बोलायचा आणि शकू पाण्याच्या टाकीआड बसून, टॉर्चला लाल जिलेटीन लावून वहीत टिपायची. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस पहाटे उठून धूमकेतू शोधतो, याचं सोसायटीत सगळ्यांना हसू यायचं. शकूलाही यायचं, पण चहाचा थर्मास तीच भरायची.

नवा धूमकेतू ज्याला आधी दिसतो त्याचं आडनाव त्या धूमकेतूला मिळतं. भीमराजला तेच हवं होतं. तरुणपणी मुंबईत खोली शोधताना त्याचं आडनाव ऐकून तीन घरमालकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. "एकदा हिवराळे नाव वर आभाळात लागू दे, मग बघू कोण खाली उतरवतो," असं तो म्हणायचा.

डिसेंबरच्या चौदा तारखेला पहाटे देवनारच्या कचरा डेपोकडून धूर आला नव्हता. पाच वाजून दहा मिनिटांनी भीमराजने हाक मारली. "शके, लिही!" सूर्य उगवतो त्या बाजूला, ताऱ्यांच्या नकाशात नसलेला पुसट पुंजका होता. दुसऱ्या पहाटे पाच बत्तीसला तो पुन्हा दिसला, दोन चंद्र मावतील एवढा सरकलेला. भीमराज टाकीला टेकून चक्क रडला.

परदेशातल्या नोंदणी केंद्राला मेल शकूनेच फोनवर लिहिली, कारण त्याला बारीक अक्षरं दिसत नसत. "वेळ ग्रिनिचची लागते. साडेपाच तास वजा कर," तो म्हणाला. तिने केले.

मंगळवारी उत्तर आलं. दोन नोंदींमध्ये फक्त बावीस मिनिटं आहेत, तेवढ्यात धूमकेतू इतका सरकत नाही, बहुधा भिंगातली चमक असावी. शकूने वाचून दाखवलं, भीमराजने अर्धंच ऐकलं. "मोतीबिंदू काढल्यापासून डोळेच फसवायला लागले ना," म्हणाला आणि दुर्बीण कपाटावर टाकून दिली.

शकूच्या डोक्यातून मात्र ती बावीस मिनिटं जाईनात. संध्याकाळी मेथी निवडताना तिचं कॅलेंडरकडे लक्ष गेलं आणि मेथी बाजूला सारून तिने पुन्हा हिशेब मांडला. पहाटेच्या पाच दहातून साडेपाच तास गेले की रात्रीचे अकरा चाळीस होतात, पण आदल्या दिवशीचे! तिने तास मागे नेले आणि तारीख चौदाच ठेवली. दुसऱ्या पहाटेचे झाले मध्यरात्रीचे बारा वाजून दोन, तारीख पंधरा. मधला अख्खा दिवस तिने गिळून टाकला होता. एकोणीस वर्षांत कुणाला काही कळवायची वेळच आली नव्हती, तर हे हिशेब ती कधी करणार?

त्याच मिनिटाला दुसरी मेल करायला हवी होती. पण त्याला सांगितल्याशिवाय ती करायची कशी? तो ओरडेल याची तिला भीती नव्हती, तो कधीच ओरडत नसे. भीती त्याच्या तोंडाकडे बघायची होती. 'उद्या सांगते' करता करता बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी बातमी आली. जागा तीच, धूमकेतू तोच, नाव चिलीतल्या कुणाचं तरी.

तेव्हा कुठे तिचं तोंड उघडलं. "अहो, तुमच्या डोळ्यांनी नाही फसवलं. तारीख माझी चुकली."

त्याने वही ओढून बोटांवर मोजलं. चेहरा उजळला. "म्हणजे होता तो. मी बघितलेला!"

शकूला वाटलं, सुटले बाई.

"कधी कळलं तुला?"

खोटं बोलणं सोपं होतं. "मंगळवारी," ती म्हणाली.

उठून त्याने दुर्बीण खाली काढली आणि पुसत बसला.

शनिवारी पहाटे जिन्यात त्याची पावलं वाजली. शकूने घाईघाईने थर्मास भरला, लाल टॉर्च घेतला आणि वही शोधू लागली. ती कुठेच नव्हती. धापा टाकत ती गच्चीच्या दाराशी पोचली. भीमराज दुर्बिणीवरून डोळे काढून, मोबाइलच्या पांढऱ्याफटक उजेडात वाकून, स्वतःच वहीत लिहीत होता.