संशोधन सहाय्यकाची जागा

म्हसावदच्या हिलाल पाटलाने बी.ए. केलं तेव्हा आख्ख्या गावात तेवढं शिकलेला दुसरा कोणी नव्हता. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी त्याला हंगामी कामावर घेतलं. सातपुड्यात हिंडायचं आणि डोंगरातल्या माणसांच्या डोक्याची, नाकाची मापं घ्यायची. मोलगीजवळच्या एका पाड्यावर तो महिनाभर राहिला, तो डोंगरसिंगच्या घरी. तिथे त्याला हिवताप आला. डोंगरसिंगची बायको दिवलीबाई त्याला ज्वारीची पेज भरवायची. त्याच पावसाळ्यात ती देवीच्या रोगाने गेली. देवीने गेलेल्याला तिकडे जाळत नाहीत, पुरतात.

दोन वर्षांनी विद्यापीठात कायमची जागा निघाली. प्राध्यापक म्हणाले, "मापं कोणीही घेतं, हिलाल. मला सांगाडा हवा, पूर्ण. आणलास तर जागा तुझी. नाहीतर आणखी दोघं रांगेत आहेत."

हिलालला त्या डोंगरात एकच कबर ठाऊक होती.

तो पुन्हा डोंगरसिंगच्या पाड्यावर जाऊन राहिला. बाजाराच्या दिवशी सगळा पाडा मोलगीला गेला, तेव्हा त्याने भर उन्हात कुदळ चालवली. हाडं पेटीत भरली, वर गवत कोंबलं, झाकणाला सुतळी बांधली आणि खड्डा बुजवून दगड होते तसे रचले. दुसऱ्या दिवशी पेटी डोंगराखाली न्यायला माणूस हवा होता. डोंगरसिंग आपणहून पुढे आला.

"काय शे रे यामा?" पेटी डोक्यावर घेत त्याने विचारलं.

"दगड शेत. विद्यापीठमा दगडसना अभ्यास करतस."

"हलका शेत तुन्हा दगड," डोंगरसिंग हसला.

उतारावर त्याचा पाय घसरला. पेटी खडकावर आदळली, सुतळी तुटली आणि कवटी घरंगळत वाटेवर आली. गवतात पांढऱ्या मण्यांची माळ अडकली होती. डोंगरसिंगने ती उचलली. पुरताना बायकोच्या गळ्यात त्यानेच घातली होती.

माळ मुठीत धरून तो कवटीशेजारी उकिडवा बसला.

"नोकरीना सवाल व्हता, भाऊ," हिलाल कसाबसा बोलला.

"इन्हा हातनी पेज खादी तू."

एवढंच. डोंगरसिंगने पागोटं सोडलं, एकेक हाड वेचून त्यात बांधलं आणि गाठोडं छातीशी धरून वर निघाला. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं, असं हिलालला वाटत राहिलं. रिकामी पेटी तिथेच टाकून तो खाली उतरला.

प्राध्यापक रागावले नाहीत. "दुसरा पाडा बघ," म्हणाले, आणि या वेळी पोलीस शिपाई सोबत दिला. शिपायाला बघून पाड्यातली माणसं रानात पळाली. एक म्हातारी तेवढी दारात राहिली आणि खोदकाम संपेपर्यंत आपल्या बोलीत ओरडत होती. ती काय म्हणते ते हिलालने विचारलं नाही. कबर कोणाची, तेही नाही.

जूनमध्ये नेमणूक झाली. आई निर्मलाबाईने म्हसावदला घरोघर गूळ वाटला. पुढे अठरा वर्षं हिलालने ती नोकरी केली. मोलगीकडे मात्र तो पुन्हा गेला नाही, आणि विद्यापीठाने पाठवलेल्या दुसऱ्या कोणालाही डोंगरसिंगच्या पाड्याने पाणीसुद्धा दिलं नाही.