संध्याकाळची पारख

जवळा बाजारच्या बैलबाजारात कोंडीबाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बैल कुणाचाही असो, घेणारा आधी कोंडीबाला शोधत यायचा. कोंडीबा जनावराभोवती एक चक्कर मारायचा, दात बघायचा, वशिंडावर थाप द्यायचा आणि मागून चाल न्याहाळायचा. पण सकाळच्या वेळी त्यानं कधी होकार दिला नाही. सकाळचा बैल सगळ्यांचाच चांगला असतो, असं त्याचं म्हणणं. दिवसभर जुंपा, भरली गाडी चढावर ओढायला लावा आणि मग दिवेलागणीच्या आधी मला दाखवा. दमलेलं जनावर खोटं बोलत नाही. ही पारख कधी चुकली नव्हती, हेही खरंच. चुकली नव्हती म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

कोंडीबाला मूलबाळ नव्हतं. होता तो धाकटा भाऊ, नरसिंग. आई गेली तेव्हा नरसिंग रांगत होता. कोंडीबाची बायको जनकाबाई नुकतीच नांदायला आलेली, तिनं दिराला लेकरासारखं वाढवलं. पण पोराचं मन बैलात कधी रमलं नाही. मिसरूड फुटायच्या आत तो ट्रकवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. नांदेडच्या मालकांच्या गाड्यांवर मुलूख पालथा घालायचा आणि पोळ्याला, दिवाळीला पाहुण्यासारखा घरी यायचा. घरी नसणाऱ्या माणसाला मुलगी कोण देणार? तीही गोष्ट अडूनच होती. त्याची पाठ वळली की जनकाबाई डोळ्याला पदर लावायची, आणि कोंडीबा उगाच गोठ्यात जाऊन बैलांच्या अंगावरून हात फिरवत बसायचा.

मोठा दुष्काळ सरून चार वर्षं झाली होती. त्या पोळ्याला नरसिंग भाकरी खाता खाता म्हणाला की एखादी जुनी डिझेलची व्हॅन मिळाली तर जवळा ते औंढा, औंढा ते हिंगोली अशा खेपा करता येतील. बाजारच्या बाया, त्यांच्या पाट्या, भाजीपाला. आणि रोज संध्याकाळी घरी येऊन जेवता येईल. या शेवटच्या वाक्यावर कोंडीबाचा हात ताटातच थांबला. त्यानं दुसरा शब्द विचारला नाही. ओढ्याकाठचा तुकडा विकला, जनकाबाईनं स्वतःहून पाटल्या काढून दिल्या. नरसिंग घरी राहणार होता, त्याच्यापुढे तुकडा काय आणि पाटल्या काय.

मार्गशीर्षात वसमतच्या एका व्यापाऱ्याची व्हॅन विकायला आहे असं कळलं. नरसिंगनं एवढंच सुचवलं की घेण्याआधी हिंगोलीच्या रूपसिंग मिस्तरीला दाखवू. कोंडीबाला हे लागलं. अख्खा बाजार त्याच्या नजरेवर चालतो आणि घरच्या पोरानं मिस्तरी शोधावा!

"बैल घ्यायला कोन वैद्य घेऊन जातं व्हय?" तो म्हणाला. "वझं वढणारं सगळं सारखंच. म्या बघतो."

ज्यानं खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याच्यापुढे नरसिंग कधी दुसऱ्यांदा बोलत नसे.

कोंडीबानं व्हॅन बैलासारखीच बघितली. व्यापाऱ्याला म्हणाला, सकाळी आणू नका, दिवसभर राबवा आणि संध्याकाळी बाजारात आणा. व्यापाऱ्याच्या तर पथ्यावरच पडलं. तो वसमतहून माल भरून आला, दिवस कलताना बाजारात पोचला. कोंडीबानं आत माणसं कोंबली, वर ज्वारीची पोती टाकली आणि गाडी औंढ्याच्या चढावर पिटाळली. गाडी झकास चढली. मुद्दाम चढावर थांबवून बंद केली आणि परत चालू केली, तर ती एका दमात चालू झाली. परत आल्यावर त्यानं बॉनेटवर थाप दिली. ते चांगलंच तापलं होतं, आणि कोंडीबाला त्या तापलेपणाचं कौतुकच वाटलं. एवढं राबूनही धापा टाकत नाही म्हणजे जनावर दणकट आहे.

मग त्यानं बाजाराच्या रिवाजाप्रमाणे विचारलं, "काही खोड?"

बैलबाजारात हा प्रश्न विचारला की विकणाऱ्यानं खरं सांगायचं असतं. पण व्यापारी काही बैलबाजारातला नव्हता. तो हसून म्हणाला, तुमच्यासारख्या पारखी माणसाला मी काय सांगू? झालं, कोंडीबाची छाती फुगली. उपरण्याखाली हात गेले, बोटं दाबली गेली, सौदा ठरला. घरी जनकाबाईनं नव्या बैलाच्या खुरांवर घालतात तसं पुढच्या चाकांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं आणि भाकरतुकडा ओवाळून टाकला. नरसिंग हसत होता. कोंडीबानं त्याला इतकं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

सकाळी व्हॅन चालू होईना.

आधी वाटलं, थंडीनं झालं असेल. नरसिंगनं चावी फिरवून फिरवून बॅटरी पार उतरवली. माणसं लावून ढकलली, पांढरा धूर ओकला आणि गप्प. ऊन चांगलं तापल्यावर कशीबशी सुरू झाली आणि मग दिवसभर शहाण्यासारखी चालली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी नरसिंगनं रूपसिंगला आणलं. मिस्तरीनं इंजिन तपासलं, हात पुसले आणि सांगितलं की पिस्टनच्या रिंगा झिजल्या, आतला दाब गेला. गरम असलं की चालतं, गार पडलं की पेट घेत नाही. नांदेडला नेऊन इंजिन खोलल्याशिवाय इलाज नाही.

"घेताना सकाळी बघायचं," तो सहज म्हणाला. "रातभर बंद राहिलेलं. गार इंजन खोटं बोलत न्हाई."

कोंडीबा तिथंच उभा होता. आपलंच वाक्य उलटं होऊन तोंडावर बसावं तसं त्याला झालं. त्यानं नरसिंगकडे बघितलं. नरसिंग खाली बसून मिस्तरीचे पाने-पकडी गोळा करत होता. पुढचे कित्येक दिवस त्यानं भावाला बोल लावला नाही. एकदा तोंड सोडून बोलला असता, शिव्या घातल्या असत्या, तर कोंडीबाला रात्री झोप तरी लागली असती.

इंजिन खोलायला आता घरात विकण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग रोज पहाटे एक तमाशा सुरू झाला. जनकाबाई इंजिनाखाली गोवऱ्यांची धग ठेवायची. कोंडीबा स्वतःची बैलजोडी आणून नाड्यानं व्हॅनला बांधायचा आणि ती नाल्याच्या उतारापर्यंत ओढायला लावायचा. नरसिंग आत बसून गिअर टाकायचा, वेग आला की क्लच सोडायचा. कधी पहिल्या फेरीत इंजिन पेट घ्यायचं, कधी बैलांच्या तोंडाला फेस आला तरी घ्यायचं नाही. गावाला फुकटची करमणूक झाली. पारावरची मंडळी विचारायची, कोंडीबा, डिझेल किती खातात रे तुझे बैल? आणि कुणीतरी हटकून म्हणायचं, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. याचे मात्र गाडीला जुंपलेत. कोंडीबा ऐकून घ्यायचा. बाजारात त्याला बैल दाखवायला येणारेही हळूहळू कमी झाले.

बाजारच्या बाया तरी किती दिवस थांबणार? व्हॅन यायच्या आत एसटी निघून जायची आणि बाया तिच्यातच बसायच्या. तरीही नरसिंग रोज संध्याकाळी घरी येत होता, भावजयीच्या हातची भाकरी खात होता. कोंडीबाला तेवढ्यावरही सगळं सोसायची तयारी होती.

मग माघात ते झालं. उतारावर इंजिन अवचित पेटलं आणि गाडीनं उसळी घेतली. नाडा सैल पडला, डावीकडचा ढवळ्या बाजूला होऊ शकला नाही आणि पुढची बाजू त्याच्या मागच्या पायावर बसली. नरसिंगनं ब्रेक दाबला म्हणून बैल जिवानं वाचला, पण लंगडा झाला. कोंडीबा त्याचा पाय मांडीवर घेऊन चिखलात बसून राहिला. नरसिंग खाली उतरला आणि पहिल्यांदाच म्हणाला, आता ही इकायची. दुसरी, बरी बघून घेऊ, म्हंजे मला जावं लागनार न्हाई.

गिऱ्हाईक पुसेगावचं आलं. संतराम त्याचं नाव. बरीच वर्षं रेल्वेच्या गँगमध्ये राबलेला, पोटाला चिमटा घेऊन राहिलेला माणूस. आदल्या दिवशी नरसिंग कोंडीबाला म्हणाला की दादा, उद्या तुमी रानात जा. कोंडीबाला मतलब कळला. तो बरं म्हणाला आणि सकाळी खरंच निघाला. पण नशीब असं की पांदीच्या वाटेतच संतराम समोर आला. त्यानं वाकून नमस्कार केला. तुमच्याच घरची गाडी म्हणून आलो, म्हणाला. माझ्या बापाला तुमीच बैल निवडून दिला होता, बारा वर्षं चालला. आता चला, तुमी समोर पाहिजेत. माणूस हात धरून ओढायला लागल्यावर नाही कसं म्हणायचं? कोंडीबा मागं फिरला.

नरसिंगनं पहाटेच धग लावून, शेजाऱ्यांकडून ढकलून गाडी चालू करून ठेवली होती. इंजिन छान गुरगुरत होतं. संतराम भोवती फिरला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, ते दिसतच होतं. तो सांगत होता की धाकटा भाऊ गाडी शिकलाय, मुंबईला जाईन म्हणून राहिलाय. गाडी घेऊन दिली तर घरी राहील. मग तो कोंडीबाकडे वळला.

"तुमी सांगा. काही खोड?"

कोंडीबानं नरसिंगकडे बघितलं. नरसिंग स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता, त्याच्या मानेची शीर तेवढी ताठ झाली होती. कोंडीबाच्या मनात काय काय येऊन गेलं. समोर उभा असलेला माणूस त्याला आपल्यासारखाच वाटला, तेच वेड घेऊन आलेला. आणि खरं सांगायचं तर बाजारातलं उरलंसुरलं नावही त्याला आठवलं. दोन्ही एकदमच आलं, त्यातलं पहिलं कोणतं हे त्याला पुढं कधीच ठरवता आलं नाही.

"संतराम," तो म्हणाला, "हे गरम हाय म्हणून चालून राहिलं. उद्या सकाळी या, गार असताना बघा."

संतरामला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं कोंडीबाच्या पायाला हात लावला आणि आल्या वाटेनं निघून गेला. नरसिंगनं इंजिन बंद केलं. तो खाली उतरला, दार हळूच लावलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच कोंडीबाला सहन झालं नाही.

"दादा, घेताना तुमी तुमचं नाव राखलं. इकताना बी तुमचंच नाव राखलं. माहं काय राखलं?"

कोंडीबा गोठ्यात गेला आणि ढवळ्याच्या लंगड्या पायावरून हात फिरवत बसला.

व्हॅन पुढे भंगारवाल्यानं तोडून नेली. नरसिंग आठवड्याच्या आत गेला, नांदेडलाही नाही, त्याच्याही पलीकडे, आंध्रात कुणाच्या ट्रकवर. जाताना भावजयीच्या पाया पडला, कोंडीबाच्याही पडला. रिवाज त्यानं मोडला नाही. त्या पोळ्याला तो आला नाही, दिवाळीलाही नाही.

इकडे संतराम गावोगाव सांगत सुटला, की असा माणूस होणे नाही, घरचं नुकसान सोसून त्यानं माझं घर वाचवलं. कोंडीबाचं नाव पहिल्यापेक्षा मोठं झालं. पुसेगाव, कळमनुरीपासून माणसं बैल घेऊन दारात यायला लागली. अशीच एका संध्याकाळी चारपाच माणसं अंगणात बसली होती आणि जनकाबाई गोठ्यात येऊन म्हणाली, लोक केव्हाचे वाट बघून राहिले, तुमचं एवढं नाव घेऊन आलेत, उठा की.

कोंडीबा लंगड्या ढवळ्याला चारा घालत होता. त्यानं मान वर केली नाही.

"नावाचं काय करू, जनका?" तो म्हणाला. "नाव काही संध्याकाळी घरी जेवायला येत न्हाई."