खंडोबाच्या घोड्याला दुखत नाही

खाजा टांगेवाल्याच्या घोड्याचं नाव वकील. काहीही सांगा, तो मान हलवायचा आणि जागचा हलायचा नाही.

त्या थंडीत नवा कायदा आला. जखमी जनावर जुंपलं की जप्त, रवानगी पांजरपोळात. आणि वकिलाच्या छातीवर, पट्ट्याखाली, तळहाताएवढी जखम होती.

"नेतील त्याला," खाजा फुलबाजारात नवसाबाईला म्हणाला. "त्याच्या घोरण्याशिवाय मला झोप येत नाय, बाई."

"लग्न का नाय केलं मग?"

"केलं होतं. ती घोरत नव्हती."

नवसाबाईने झेंडूचा जाडजूड हार वकिलाच्या गळ्यात घातला. जखम झाकली गेली. खाजाला वाटलं, सुटलो.

पण गंगेवर, गाव आपल्या नदीला गंगाच म्हणायचं, धुकं होतं. धुक्यातून पांढरा घोडा झेंडू लेऊन हळूहळू आला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "खंडोबाचा घोडा!" तो हळू चालत होता कारण त्याला दुखत होतं, पण देव घाई करत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. माणसं हार घालू लागली. भंडारा उधळला. धुकं पिवळं झालं. संध्याकाळपर्यंत वकील नाक आणि शेपूट एवढाच उरला.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना खाजाच्याच टांग्यात बसायचं होतं. हार वाढले, माणसं वाढली, आणि हारांखाली पट्टा घासत राहिला. चौथ्या सकाळी स्टेशनवरून येताना वकील पुलावर थांबला. मानसुद्धा हलवेना. खाजाला तेच सहन झालं नाही.

समोरून प्राण्यांचे इन्स्पेक्टर यादव येत होते. खाजाने आयुष्यात पहिल्यांदा पोलिसासारख्या माणसाला स्वतःहून हाक मारली.

"साहेब, घोडा जप्त करा!"

यादवांनी टोपी काढून, डोळे मिटून वकिलाला नमस्कार केला. "खंडोबा आमचं कुलदैवत आहे. देवाचं वाहन कसं जप्त करू?"

"जखम आहे त्याला."

"कायदा साध्या घोड्यांसाठी आहे. देवाच्या घोड्यांचं कलम नाही."

"मग घाला की कलम!"

"मुंबईला लिहावं लागेल," यादव डोळे मिटूनच म्हणाले.

नवसाबाई टोपली घेऊन पूल ओलांडत होती. तिने टोपली खाली ठेवली आणि वकिलाच्या गळ्यातला एकेक हार काढू लागली. शेवटचा तिचाच होता. तो चिकटला होता. तिने पाणी लावून अलगद सोडवला. खालची जखम उघडी पडली.

"डोळे उघडा, साहेब. खंडोबाच्या घोड्याला दुखत नाय. याला दुखतंय."

यादवांनी पाहिलं. टोपी डोक्यावर परत चढली.

"साधा घोडा आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "जप्त केला. टांग्यातून सोडा त्याला."

वकिलाला सोडलं. पण टांगा पुलावर कसा ठेवायचा? खाजा दांड्यांमध्ये शिरला, यादव मागून ढकलू लागले. वकील मोकळा, बाजूने चालला. खाली गंगा दिसत नव्हती, वर आभाळ दिसत नव्हतं. पांढऱ्या धुक्यात एक माणूस टांगा ओढत होता आणि घोडा त्याला सोबत करत होता. मध्येच वकिलाने नवसाबाईच्या टोपलीतला झेंडू खाल्ला.

पांजरपोळाच्या दारात रखवालदाराने घोडा आत घेतला आणि खाजाला अडवलं. "माणसं नाय घेत."

"कलम दाखवा," खाजा म्हणाला.

रखवालदाराने यादवांकडे पाहिलं. यादवांनी बराच विचार केला. "माणसाला मनाई करणारं कलम आठवत नाही."

खाजा गवतावर वकिलाच्या शेजारी आडवा झाला. वकिलाने मान हलवली आणि थोड्या वेळात घोरू लागला. त्यापाठोपाठ खाजाही.

तेवढ्यात टांग्याच्या मागच्या बाकावर हालचाल झाली. स्टेशनपासून शाल गुंडाळून झोपलेली सवारी, अक्काबाई, उठून बसली.

"आलं का घर?" ती म्हणाली. "आज तुमचा घोडा फार धापा टाकत होता हो. कायदा नाही का काही?"

यादव अजून धापा टाकत होते.