भुताने गाळलेला शब्द

वेताची छडी सातव्यांदा स्वप्नालीच्या पाठीवर उतरली आणि नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावातल्या त्या दिवाणखान्यात जमलेल्या वीसएक जणांनी हात जोडले. रविवारची भरदुपार, तरी पडदे ओढलेले. मिरच्यांच्या धुरीने सगळे खोकत होते. छतावरचा स्मोक अलार्म काढून, त्याचा सेल बाजूला करून, टेबलावर ठेवला होता.

"बोल! कोण आहेस तू?" बाळासाहेब गरजले. दीड वर्षापूर्वीपर्यंत हे गृहस्थ तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत खुर्च्या लावत. मग अचानक त्यांच्या अंगात यायला लागलं, आणि आता लोक त्यांच्यासाठी खुर्ची पुसत.

पोटातलं मूल गेल्यापासून महिनाभर स्वप्नाली धड जेवली नव्हती, झोपली नव्हती. तिचे पाय तिच्या नवऱ्यानेच, अभिजितने, दाबून धरले होते.

"बोलत नाहीस? मग ये माझ्या जिभेवर!" बाळासाहेबांनी डोळे फिरवले. घशातून घोगरा आवाज निघाला, "वेतियो दुनो दिदेत हेर्क्लो ब्रात दाता!"

शुभदा दारातच थबकली. ती विद्यापीठात प्राचीन शिलालेखांवर संशोधन करायची. 'तुझ्याच विषयाचं आहे, ये,' एवढाच अभिजितचा निरोप होता.

"मी दहावी नापास माणूस," बाळासाहेब डोळे उघडून म्हणाले. "मला ही भाषा कोणी शिकवली? शुभदाताई, तुम्ही शिकलेल्या. सांगा, भाषा खरी की खोटी?"

शुभदाला खोटं बोलणं जमत नसे. "खरी आहे. वेस्टिनी. इटलीतली. दोन हजार वर्षांपूर्वी संपली. तिचे जेमतेम चार-दोन लेख उरलेत."

झालं! खोलीत एकच कालवा उठला.

"ऐकलंत? रोमच्या मातीतली हडळ आहे! रक्त मागतेय!" आठवा फटका. नववा. कुडता फाटला, पाठ फुटली. स्वप्नाली कोलमडली, कपाळ टेबलाच्या कडेवर आदळलं आणि रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. "अजून! सोडत नाहीये!" कोणीतरी ओरडलं.

आपल्या एका खऱ्या वाक्याने या मुलीला मार बसतोय, हे शुभदाला असह्य झालं. तेवढ्यात बाळासाहेबांच्या तोंडून भूत पुन्हा बोललं, तेच शब्द, तेवढेच. आणि तिच्या लक्षात आलं. एक शब्द गळत होता. दोन्ही वेळा तोच.

दहावा फटका तिने स्वतःच्या मनगटावर घेतला. हाडापर्यंत कळ गेली.

"ताई, बाजूला व्हा, तुम्हालाही झपाटेल!"

"झपाटू दे. मला हडळीला एकच विचारायचंय. बाई, तुमच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात?"

बाळासाहेब पुन्हा डोळे फिरवून, "वेतियो दुनो दिदेत..."

"ते झालं. पाणी? आई? भाकरी?"

"हेर्क्लो ब्रात दाता!"

मागून कोणीतरी फसकन हसलं. "जन्मभर बोलली ती भाषा, आणि पाणी येईना?"

शुभदाने डाव्या हाताने फोन काढला आणि टीव्हीवर मंडळाचा व्हिडिओ लावला. जानेवारीतलं संक्रांतीचं हळदीकुंकू, आणि त्यात तिचंच भाषण, 'दान देणारी जुनी माणसं'. पडद्यावर शिलालेख होता. मंडळाने वाण पुरवणाऱ्या दुकानाची जाहिरातपट्टी स्लाइडवर मध्येच आडवी चिकटवली होती. तिच्याखाली एक ओळ झाकली गेली, आणि घाईत पडद्यावरून वाचणाऱ्या शुभदाने ती गाळली. घरी गेल्यावर चूक कळली, तेव्हा तिला आठवडाभर चैन पडलं नव्हतं.

टीव्हीतली शुभदा वाचत होती, "वेतियो दुनो दिदेत हेर्क्लो ब्रात दाता."

"दगडावर 'हेर्क्लो'नंतर 'इओवियो' कोरलंय," खोलीतली शुभदा म्हणाली. "तिथल्या भुताला ते ठाऊक असायला हवं. पण या भुताला माझी चूक पाठ आहे. आणि अर्थ ऐका. वेतियो नावाच्या माणसाने कृपा झाली म्हणून देवाला दान दिलं. आभार आहेत ते. रक्ताचं नाव नाही त्यात."

व्हिडिओत पहिल्या रांगेत फोन उंच धरून भाषण टिपणारे गृहस्थ सगळ्यांना ओळखू आले. प्रत्यक्षातले बाळासाहेब छडी टाकून दाराकडे सरकले, पण दोघांनी वाट अडवली.

अभिजितने स्वप्नालीचे पाय सोडले. त्याच्या बोटांचे वळ तिच्या घोट्यांवर उमटले होते. "मला वाटलं, भाषा खरी म्हणजे..."

"भाषा खरीच होती, अभिजित. भूत खोटं होतं. तुम्ही मला फक्त पहिला प्रश्न विचारलात." शुभदा ११२ फिरवत होती. "भूत खरं की खोटं, हा दुसरा विचारला असतात, तर हिची पाठ वाचली असती. हिला डॉक्टर हवा होता, आणि शेजारी बसणारं माणूस."

कोणीतरी पडदे सारले, खिडकी उघडली. धूर निवळला. स्वप्नालीने रक्ताने चिकटलेला डोळा कष्टाने उघडला, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच आपणहून काही मागितलं.

"पाणी," ती म्हणाली.